पितांबरी मोटार

एका विलायती मोटारगाडीला मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात नेऊन रंगवून आणलं होतं. एका दमात सांगून टाकलं, सुटले. हे केलं तेव्हा मी अडतीस वर्षांची होते, दोन मुलांची आई होते आणि रोह्यात माझं स्वतःचं ब्यूटी पार्लर होतं. म्हणजे मूर्खपणाला जेवढा आत्मविश्वास लागतो तेवढा सगळा जवळ होता. आता नाती विचारतात, "आजी, तू लहानपणी कशी होतीस?" लहानपणी मी शहाणी होते गं. बिघडले ती अडतिसाव्या वर्षी.

गाडी आमच्या घरमालकांची. अख्खी आळी त्यांना आप्पा म्हणायची. धाटावच्या एका कंपनीत फिटर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. खाली त्यांचं घर आणि बाजूला गॅरेज, वर आम्ही भाडेकरू. आप्पांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. माझ्या नवऱ्याला ते अठरा वर्षं 'वरचे' म्हणत होते. पण कुठल्याही गाडीचा इंजिन नंबर एकदा वाचला की पाठ.

त्यांचा नाद एकच. जुनी, दोन माणसांची, टप उघडणारी विलायती स्पोर्ट्स कार कुठंतरी मरायला टेकलेली असायची, ती आणायची. दोन-तीन वर्षं तिच्याखाली झोपून तिला उभी करायची, काही वर्षं चालवायची आणि मग विकायची. एका वेळी एकच. आयुष्यात पाच केल्या. आणि गंमत बघा, मुंबईच्या बंगल्यांतून असल्या गाड्या गिऱ्हाईकाची वाट बघत सडायच्या, आणि आप्पांची गाडी विकायची आहे असं नुसतं कळलं की पुण्या-नाशिकची माणसं पत्ता विचारत आळीत यायची. रोह्यात! जिथं माझ्या नवऱ्याला जुनी स्कूटर विकायला सहा महिने लागले.

याचं रहस्य आप्पा कुणालाही सांगायचे. कुणी ऐकायचं नाही, म्हणून ते रहस्य राहिलं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम एक लोहचुंबक असायचा, रुमालात गुंडाळलेला. गाडी बघायला गेले की रुमालासकट तो पत्र्यावरून फिरवायचे. पत्रा असला तर चिकटणार, पत्रा सडल्यावर आत पुट्टी भरून वरून रंग मारलेला असला तर घसरणार. सवय इतकी लागलेली की लग्नात पंगतीला बसले तरी ताटाला लावून बघायचे. माझ्या पार्लरमध्ये नवरी सजून बसली की दारातून डोकावून विचारायचे, "लावून बघू काय गो?" त्या नवऱ्या घाबरायच्या. मी चिडायचे. आता आठवलं की हसू येतं, कारण माझं निम्मं काम खरंच पुट्टीचं होतं.

गाडी विकणाऱ्याला ते पहिला प्रश्न किमतीचा कधीच विचारत नसत. "गाडी झोपायची कुठं?" हा पहिला प्रश्न. गॅरेजात की झाडाखाली, जमिनीला फरशी की माती, आणि खाडी किती लांब. पेण माझं माहेर, तिथं मिठागरांवरून वारा येतो, म्हणून पेणवर त्यांचा कायमचा राग. "तुझं माहेर चांगलं हाय, माणसं चांगली हायत, पण हवा पत्रा खाते." पेणला काम निघालं तर गाडी नागोठण्याला ओळखीच्या माणसाकडं सावलीत ठेवून पुढं एसटीनं जायचे.

एकदा त्यांना एक फार देखणी गाडी मिळत होती. म्हणे देशात तशी एकच. सगळ्यांना वाटलं आप्पा उडी मारतील. ते रिकाम्या हातानं परत आले. "जगात एकच असलेल्या गाडीला गिऱ्हाईक पण एकच असतो. तो कुठं राहतो, ते मी कुठं शोधत बसू? आणि ब्रेकचं रबर गेलं तर?" त्यांना गाडी हवी असायची ती अशी, की जिचे सुटे भाग मिळतात, जी चार लोकांनी लहानपणी कुठंतरी पाहिलेली असते आणि जिच्यासाठी ते तेव्हापासून झुरत असतात. "गिऱ्हाईक नवीन गाडी घ्यायला येत नाय. त्यानं बघितलेली गाडी घ्यायला येतो. ती जशी व्हती तशीच दिसाय पायजे."

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. कानाला पण पुट्टी लावता येते.

आप्पा गिऱ्हाईक येणार त्या दिवशी गाडी धूत नसत. इंजिन चालू करून ठेवत नसत. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला बोनेटवर हात ठेवायला लावायचे. "थंड हाय ना? बघून घ्या. आता तुमच्यासमोर चालू करतो." मग गाडीचे गुण सांगायचं राहिलं बाजूला, दोष दाखवत फिरायचे. हे दार पावसाळ्यात फुगतं. हा काटा पन्नासच्या पुढं खोटं बोलतो. इथं एकदा बैल टेकला होता. सगळ्यात शेवटी वही काढायचे. प्रत्येक गाडीची एक वही, त्यात तेल कधी बदललं, कुठला बोल्ट कुठून आणला, सगळं तारीखवार. काढलेला जुना भाग फेकायचे नाहीत, चिठ्ठी बांधून खोक्यात ठेवायचे, तो खोका गाडीसोबत द्यायचे. गिऱ्हाईक अर्धा तास वही वाचायचं आणि मग हळू आवाजात विचारायचं, "कधी नेऊ?"

मला हे सगळं खुळ्यासारखं वाटायचं. माझा धंदा दाखवण्याचा. मुलगी दाखवायची असली तर आदल्या दिवशी फेशियल, ब्लीच, केसांना मेंदी. दोष सांगत फिरणारी मुलीची आई मी कधी पाहिली नव्हती.

पाचवी गाडी आप्पांनी चौदा वर्षं ठेवली. पुण्याच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतलेली. जुन्या बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, तोही कुठं कुठं पावडर फासल्यासारखा उडालेला. पण तो कारखान्यातून निघतानाचा रंग, साठ वर्षांत त्याला कुणी ब्रश लावलेला नाही, हा आप्पांचा अभिमान. दर रविवारी निडी स्टेशनपर्यंत जायचं आणि परत यायचं, ताशी तीसच्या वेगानं. स्पोर्ट्स कार! टेम्पोवाले हॉर्न वाजवून पुढं जायचे. आप्पा म्हणायचे, "उभी गाडी मरते. पळवायचं कारण नाय, पण चालली पायजे."

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. पनवेलला ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळा राहील, पण गाडी चालवणं संपलं. मुलीनं बडोद्याला बोलावलं होतं, दिवाळी झाली की दोघांनी तिकडं राहायला जायचं ठरलं. त्याआधी गाडी जायला हवी होती.

मागणारे दोघं होते. एक अलिबागकडचा रिसॉर्टवाला. त्याला गाडी फाटकात उभी करायची होती, इंजिन काढून आत फुलझाडं लावायची होती. तो दिवसाआड फोन करायचा. दुसऱ्या कोल्हापूरच्या दातांच्या डॉक्टर. त्या स्वतः गाडी चालवणाऱ्या, पण त्यांची एकच अट होती, रंग मूळचा हवा. आप्पांनी फोनवर सांगितलं होतं, "कारखान्यातला रंग हाय. कुणी हात लावलेला नाय. माझा शब्द." दसऱ्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्या येणार होत्या. त्यांनी नाही म्हटलं तर गाडी फुलझाडांत जाणार, हे आळीतल्या कुत्र्यालाही माहीत होतं.

आप्पा आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आठ दिवसांसाठी पनवेलला निघाले तेव्हा किल्ली माझ्या हातात आली. "सकाळी गॅरेजचं दार उघडायचं, संध्याकाळी लावायचं," आप्पा म्हणाले. "बाकी काय करायचं नाय."

"काहीच नाही?"

"काय पण नाय."

मी दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि त्या उडालेल्या रंगाकडं बघून माझे हात शिवशिवायला लागले. डॉक्टरीणबाई एवढ्या कोल्हापुराहून येणार आणि त्यांना ही अशी दाखवायची? बिनवेणीची? म्हातारा माणूस, बिचाऱ्याला जमत नाही, आपण करावं. मनातल्या मनात मी आप्पांच्या डोळ्यांत आलेलं आनंदाचं पाणीसुद्धा पाहून घेतलं.

माझा धाकटा भाऊ सुधीर पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगारी. विसर्जन होऊन गेलेलं, कारखान्यात हात रिकामे. मी त्याला बोलावलं. तो रोह्याला आला, गाडीभोवती फिरला.

"ताई, ही काय मूर्ती हाय?"

"अरे, रंग तो रंग. तुझ्या हातात जादू आहे."

"पण आप्पांना इचारलंस?"

"ते ऑपरेशनला गेलेत. त्यांना सरप्राइज."

स्तुती केली की सुधीर विरघळतो. गाडी चालवत पेणला गेला, मी शेजारी मैत्रिणीला गाडी दाखवायला निघाल्यासारखी गॉगल लावून. कारखान्यात गाडी मूर्तींच्या रांगेत उभी राहिली. त्यानं मूर्ती घासतात तसा पॉलिश पेपर घेतला आणि बोनेट पार पत्र्यापर्यंत घासलं. तेवढ्यात त्याचं मनगट दुखायला लागलं. मी म्हटलं, घास की सगळी. तो म्हणाला, "पुरे, बाकीची अशीच मारतो." त्याच्या त्या आळसाला मी आजही मनोमन हात जोडते.

पुढं चार दिवस स्प्रे चालला. पितांबराचा असतो तो पिवळा, कडेनं सोनेरी किनार, चाकांच्या वर केशरी छटा. आणि सुधीरचा हात डोळ्यांच्या आखणीत बसलेला, मूर्तीचे डोळे तोच आखतो. त्याला राहवलं नाही. त्यानं पुढच्या दिव्यांभोवती काळी बारीक रेघ काढली. गाडी बघायला लागली हो! समोर उभं राहिलं की प्रेमानं, थोडं खाली वाकून, भक्ताकडं बघितल्यासारखं. परतताना नागोठण्याच्या नाक्यावर एका म्हातारीनं चप्पल काढून नमस्कार केला. मी तोही स्वीकारला.

आप्पा आले ते एका डोळ्यावर पट्टी लावून, काकींच्या खांद्यावर हात ठेवून. मी गॅरेजचं दार उघडलं आणि टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.

आप्पा जवळ गेले. उघड्या डोळ्यानं वाकून बघितलं. मग वास घेतला.

"कुणी केलं?"

"मी. म्हणजे सुधीरनं. पण मी."

"कशाला?"

"गिऱ्हाईकाला आवडावी म्हणून."

"कुठल्या?"

त्यांनी बोट जिभेला लावून ओलं केलं, दारावर घासलं. बोट पिवळं झालं. पिवळ्याखाली हिरवा दिसला. आप्पा तिथंच गाडीच्या पायरीवर बसले, त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते, पट्टीखालून पाणी येईपर्यंत. "पाण्यात विरघळणारा हाय! अगो, विसर्जनाचा रंग मारलास!"

सुधीर शाडूच्या मूर्तींचाच रंग वापरतो. तो पाण्यात सुटण्यासाठीच केलेला असतो. गाडी पावसात जाते हे आम्हा दोघा बहीणभावांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

मग आप्पांचं हसू थांबलं. "घासलंस कुठं कुठं?"

"बोनेट."

"किती?"

"सगळं."

ते काकींचा खांदा धरून घरात गेले. ते हसत होते तेव्हा मी सुटले असं वाटलं होतं.

पुढचे तीन दिवस मी, काकी आणि सुधीर कोमट पाण्यात मऊ धोतराचे तुकडे बुडवून गाडी पुसत होतो. घासायचं नाही, नुसतं ओलं ठेवायचं आणि टिपायचं. अंगण पिवळं, नाली पिवळी, आमच्या साड्या पिवळ्या. जुना हिरवा रंग वीतवीत वर आला, आणि काय सांगू, मला तो पहिल्यांदा चांगला दिसला. बोनेट मात्र नुसता पत्रा. आरशासारखा चकचकीत, नागडा.

सुधीर म्हणाला, "आप्पा, हिरवा मी मिसळून देतो. गाडीचा खरा रंग आणून, उडालेला दिसतो तसाच उडवून. चुंबकाला पण कळायचं नाय." आणि त्यानं केलंच असतं. तो एका नजरेत रंग ओळखतो.

मी पण मागं लागले. "आप्पा, करू दे त्याला. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," आप्पा म्हणाले. "आता ते नाय कळल्यासारखं कसं करू, ते सांग."

"पण त्यांनी नाही घेतली तर?"

"तर फुलझाडं."

त्याच दिवशी रिसॉर्टवाल्याचा फोन आला. नागोठण्यात कुणीतरी गाडीचा फोटो काढला होता, तो मोबाइलवरून फिरत त्याच्यापर्यंत पोचला होता. तो वेडा झाला होता. अशीच पिवळी राहू द्या, डोळ्यांसकट, उद्याच क्रेन पाठवतो. आप्पांनी शांतपणे सांगितलं, "डोळे धुतले." मग त्याला हिरवी नकोच झाली. फोन ठेवल्यावर ते बोनेटवर तेलाचा हात फिरवत राहिले, गंजू नये म्हणून.

मग त्यांनी वही माझ्यापुढं ठेवली. "लिही. तुझ्या अक्षरात. काय केलंस, कुठं केलंस, कशाला केलंस. आणि सही कर."

मी सातवीतल्या मुलीसारखं लिहिलं. 'गाडी चांगली दिसावी म्हणून' असं लिहून झाल्यावर मला इतकी लाज वाटली की पुढचे दोन शब्द फिसकटले.

डॉक्टरीणबाई आल्या त्या सकाळी आप्पा खुर्चीत बसून होते. मला म्हणाले, "तू सांग. गाडी बघायच्या आधी." मी फाटकातच सांगितलं, एका श्वासात, पेण, पिवळा, डोळे, सगळं. त्या पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या. ऐकताना चेहरा हलला नाही. दातांच्या डॉक्टरांचे चेहरे तसेच असतात, समोरच्याचं तोंड उघडं असताना हसायचं नाही.

त्यांनी बोनेटवर हात ठेवला. थंड. बाकी अंगावरून हात फिरवत गेल्या, डिकी उघडली, खाली वाकल्या. मग आप्पांनी आपल्या सवयीनं दोष दाखवायला सुरुवात केली, खुर्चीतूनच, न बघता. दार, काटा, बैल. शेवटी वही दिली. बाई पायरीवर बसून वाचत राहिल्या. माझ्या पानावर आल्या तेव्हा मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि चहा पावडर टाकायची विसरले.

परत आले तेव्हा आप्पा म्हणत होते, "मी फोनवर शब्द दिला व्हता, कुणी हात लावला नाय म्हणून. तो आता खरा नाय. तुमाला यायचा त्रास झाला."

"मी आजवर बारा गाड्या पाहिल्या," बाई म्हणाल्या. "बाराच्या बारा जणांनी सांगितलं, गाडीला कुणी काहीही केलेलं नाही. ह्या एकीला तरी कुणीतरी काहीतरी केलंय आणि सहीपण केलीय." मग उठल्या. "चालवून बघू?"

आप्पांना धक्के बसायला नको होते, डॉक्टरांची सक्त ताकीद. मी शेजारी बसायला पुढं झाले, तर त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी मागं झाले. "तू नको," ते मला म्हणाले. "तू जा गो," हे काकींना.

काकी पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. मला तेव्हा लक्षात आलं की मी काकींना त्या गाडीत कधीच बसलेलं बघितलं नव्हतं. आप्पा डावी सीट वापरूच देत नसत. चामडं कोरं राहिलं की गाडीला मोल येतं, म्हणून. निडीला आप्पांनी गाडीनं जायचं आणि काकींना जायचं असेल तर काकींनी एसटीनं, हे आळीला इतकं सवयीचं होतं की त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

काकी आत बसल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्यांकडं बसतात तशा. गाडी आळीतून वळली आणि पुढं रस्त्याला लागल्यावर जो आवाज आला, तो आम्ही चौदा वर्षांत ऐकला नव्हता. ताशी तीसचा नव्हता तो. आप्पा खुर्चीच्या हातांना धरून उठले. "तिसरा टाकला," म्हणाले. मग, "चौथा." मग आवाज ऐकू येईना.

पाऊण तासानं गाडी परत आली. काकींचा अंबाडा सुटलेला, कुंकू कपाळभर झालेलं, पदर मानेभोवती दोनदा गुंडाळलेला. बाई उतरल्या, आप्पांच्या हातात हात दिला आणि म्हणाल्या, "बोनेट असंच ठेवणार. विचारलं तर सांगणार." आप्पांनी मान हलवली. खोका, वही, किल्ली, सगळं एक एक करून त्यांच्या स्वाधीन केलं. दुपारी गाडी गेली. आप्पा आत जाऊन डोळ्यांत थेंब घालून पडले.

मी काकींजवळ गेले. त्या अजून फाटकाशी उभ्या होत्या, रस्त्याकडं बघत. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "बघा काकी, गेली की नाही शेवटी चांगल्या घरी?"

काकींनी सुटलेले केस हातानं मागं सारले आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चवदा वरसांत आज पयल्यांदा बसले गो, नि आजच इकली. तुला घासायचीच व्हती, तर पुरी घासायची व्हतीस. कुणी घेतली नसती."